टाइपस्क्रिप्टमध्ये @ वाले इम्पोर्ट एडिटरला सापडतात, बिल्डही होतो, मग नोड ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ का म्हणतो?

तुम्ही विचारलंय की टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलीत) पाथ्स लिहिले, म्हणजे @ हे टोपणनाव कुठल्या फोल्डरसाठी आहे ते सांगितलं, व्हीएस कोडमध्ये क्लिक केलं की बरोबर फाइल उघडते, टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, एकही एरर देत नाही, आणि डिस्टमधला (बिल्ड होऊन निघालेल्या फाइलींच्या फोल्डरातला) प्रोग्राम नोडने चालवला की मॉड्यूल सापडत नाही. टीएससी @ काढून खरा पाथ का लिहून देत नाही, त्यासाठी कुठलं पॅकेज घ्यावं, आणि मोनोरेपोत (एकाच रेपॉझिटरीत अनेक पॅकेजेस असतील तिथे) काय करावं. उत्तर देते. पण खरं सांगायचं तर तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले: ‘बिल्ड स्वच्छ होतोय, म्हणजे पाथ तरी बरोबरच असणार.’ अजिबात नाही. बिल्ड स्वच्छ होण्यावरून चालताना कुठली फाइल उचलली जाणार हे कळत नाही. तुमचा प्रोग्राम निदान बंद पडतोय. मी सांभाळते तो बंद न पडता भलतीच फाइल उचलून चालत होता, आणि त्याचा हिशोब शेतकऱ्यांच्या हातात पडत होता.

आधी टीएससीचं संपवू. पाथ्सची सोय टाइपस्क्रिप्ट २.० मध्ये, म्हणजे २०१६ साली आली. ती फक्त कंपायलरला ‘हे नाव दिसलं तर टाइप तपासायला अमुक फाइल बघ’ एवढं सांगण्यासाठी आहे. टीएससी टाइप पुसतो, सिंटॅक्स जुन्या जावास्क्रिप्टचा करून देतो, पण इम्पोर्टच्या अवतरणातला मजकूर जसाच्या तसा ठेवतो. टाइपस्क्रिप्टच्या अधिकृत माहितीतही हेच लिहिलंय, की बाहेर पडणाऱ्या कोडातले पाथ याने बदलत नाहीत, दुसरं एखादं साधन ते नाव सोडवणार असेल तरच पाथ्स वापरा. लोकांनी कितीही मागणी केली तरी टीम या भूमिकेवरून हललेली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ५.७ आलं, त्यात इम्पोर्टचं एक्स्टेन्शन बदलून देणारा पर्याय मिळाला. तोसुद्धा फक्त ./ किंवा ../ ने सुरू होणाऱ्या पाथमधलं .टीएस चं .जेएस करतो. एलियसला, म्हणजे @ सारख्या टोपणनावाला, तो हात लावत नाही. मला ही भूमिका शंभर टक्के पटते. का, ते आता सांगते.

सांगलीच्या मार्केट यार्डात एक आडत दुकान आहे. त्यांचं हळदीच्या पट्ट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही बघतो. आमचं ऑफिस विश्रामबागला, लहानसं. सॉफ्टवेअर मूळचं आमचं नाही, पुण्याच्या एका फर्मने बनवलेलं. नंतर एवढ्या लहान गिऱ्हाइकासाठी माणूस ठेवणं त्यांना परवडेना, म्हणून काम आमच्याकडे आलं. सोबत आलेल्या कागदात चालवण्याबद्दल एवढंच लिहिलेलं: एनपीएम रन बिल्ड, मग एनपीएम स्टार्ट. आणि तोंडी निरोप होता, ‘तुम्ही फक्त सपोर्ट बघा, आर्किटेक्चरला हात लावू नका.’

हळदीच्या हंगामात यार्डात काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: सांगलीची हळदपेठ जुनी आणि मोठी, राजापुरी हळदीचं नाव इथलं, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकनही मिळालं. कर्नाटकातूनसुद्धा गाड्या येतात. सौदा निघाला की वजन, वजन झालं की पट्टी. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा हिशोब: पोती, वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, आणि खाली निव्वळ रक्कम. वर्षभराची मेहनत त्या एका कागदावर येते. तो हातात पडेपर्यंत शेतकरी दुकानातून हलत नाही, हलूही नये.

ऐन हंगामात हमाली आणि तोलाईचे आकडे बदलले. ते कोडातच एका फाइलीत होते. (डेटाबेसमध्ये असायला हवे होते हे सांगायला कुणी खाली धावून येऊ नका. आता तिथेच आहेत, आमच्याकडे आले तेव्हा कोडात होते.) आमच्या मुलाने दोन आकडे बदलले, टेस्ट चालवल्या, सर्व्हरवर कोड पुल केला, बिल्ड केला, प्रोग्राम पुन्हा चालू केला. कुठेही लाल अक्षर नाही.

दुपारी दुकानातून दिवाणजींचा फोन आला. ‘ताई, आकडा बदललाय म्हणालात ना? पट्टीवर जुनाच येतोय.’ दिवाणजींचं आयुष्य पट्ट्या लिहिण्यात गेलंय. कंप्युटरची पट्टी निघाली तरी तिच्या पाठीवर पेन्सिलीने वजाबाकी मांडून बघितल्याशिवाय ते सही करत नाहीत. त्या पेन्सिलीमुळेच हे सापडलं. टेस्टमुळे नाही, टाइपमुळे नाही, टीएससीमुळे तर मुळीच नाही.

मी गाडी काढली आणि यार्डात गेले. काउंटरवरच्या कीबोर्डची एंटरची कळ हळदीने पिवळीजर्द झालेली. बाकावर शेतकरी बसलेले, हातात वजनाच्या चिठ्ठ्या. सर्व्हरवर लॉगिन केलं. एसआरसीतली (मूळ कोडच्या फोल्डरातली) दरांची फाइल उघडली, नवे आकडे. डिस्टमधली उघडली, नवे आकडे. पट्टी काढली, जुने आकडे. प्रोसेस बंद करून पुन्हा चालू केली, तरी तेच. तोवर दिवाणजींनी कपाटातलं पट्टीबुक काढून कार्बन घातला आणि हाताने लिहायला लागलेसुद्धा. ‘तुमचं चालू द्या ताई, माणसं थांबलीत.’

मग मी डिस्टमधल्या मुख्य फाइलीत सगळ्यात वर एक ओळ घातली: रिक्वायर.रिझॉल्व्ह (या नावाला नोड कुठली फाइल उचलणार ते सांगणारं फंक्शन), कंसात ‘@/दर/हमाली’, आणि जे उत्तर येईल ते स्क्रीनवर छाप. उत्तर आलं ते डिस्टमधलं नव्हतंच. पाथ होता एसआरसी/दर/हमाली.जेएस. एसआरसीमध्ये .जेएस? तिथे तर फक्त .टीएस असायला हव्यात. फोल्डरची यादी काढली तर प्रत्येक .टीएसच्या शेजारी तिची .जेएस जोडीला बसलेली, सगळ्यांची तारीख आमच्याकडे काम येण्याच्या आधीची.

झालं होतं ते असं. स्टार्टच्या आज्ञेत नोडला टीएसकॉन्फिग-पाथ्स नावाचं पॅकेज आधी जोडलेलं होतं. हे पॅकेज प्रोग्राम चालताना टीएसकॉन्फिग वाचतं आणि एलियस सोडवतं. टीएसकॉन्फिगमध्ये लिहिलेलं, @/* म्हणजे एसआरसी/*. कंपायलरसाठी ते बरोबरच आहे, त्याला सोर्सच बघायचा असतो. पण हे पॅकेजही तेच प्रमाण मानतं. डिस्टमधल्या फाइलीने @ मागितलं, की हे एसआरसीत जाऊन शोधतं. तिथे नुसत्या .टीएस असत्या तर त्या सर्व्हरवरच्या जुन्या नोडला त्या उचलता आल्या नसत्या आणि प्रोग्राम तुमच्यासारखा जागीच आपटला असता. ते बरं झालं असतं. पण जुन्या फर्मचा माणूस दर वेळी सर्व्हरवर येऊन, आउटपुट एसआरसीतच टाकायला सांगून, हाताने टीएससी चालवायचा. ती आज्ञा कागदात नव्हती, त्याच्या डोक्यात होती. गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) एसआरसीतल्या .जेएस घातलेल्या, म्हणून गिट स्टेटस कायम कोरं. आम्ही कागदाप्रमाणे बिल्ड केला, नवा कोड डिस्टमध्ये गेला, आणि चालत राहिला एसआरसीतला जुना. दुकानाची पाटी नवी, आत माल जुना.

त्याच दिवशी बिल्डच्या मागोमाग टीएससी-एलियस चालवून डिस्टमधले @ खऱ्या पाथमध्ये बदलून घेतले, स्टार्टमधून टीएसकॉन्फिग-पाथ्स काढलं, एसआरसीतल्या जुन्या .जेएस पुसल्या. पट्टी बरोबर निघाली. आधी गेलेल्या पट्ट्यांचा फरक दुकानाने शेतकऱ्यांना फोन करून सरळ केला, त्यांची ती पत आहे.

रात्री मी जुन्या फर्मच्या लीडला फोन लावला. भांडायला नाही, आणखी कुठे अशी हाताने चालवायची आज्ञा आहे का, एवढंच विचारायला. ते म्हणाले, ‘मॅडम, पाथ्स लिहिले की पुढची जबाबदारी टाइपस्क्रिप्टची. टीएससी पाथ बदलत नाही हा त्यांचा बग आहे, आम्ही त्यावर उपाय काढला होता.’ मी म्हटलं, अहो, उपाय तुमच्या माणसाच्या बोटांत होता, कोडात कुठे होता? त्यावर म्हणाले, ‘मग काय ../../../ लिहायचं? ते नवशिके लिहितात. आणि तिकडे सांगलीत एवढं कोण बघतंय?’

दिवाणजी बघतात. पेन्सिल घेऊन बघतात.

त्या फोनवरचं उत्तर माझ्या मनात राहिलंय, ते इथे देते, कारण तुमचा प्रश्नही तिथूनच निघतो. पाथ्स लिहून जबाबदारी संपत नाही, कारण टाइपस्क्रिप्ट तुमचा प्रोग्राम चालवतच नाही. तो नोड चालवतो, नाहीतर ब्राउझरसाठी बंडलर बांधून देतो. जो चालवणार त्याला एलियस माहीत हवा. टाइपस्क्रिप्टने त्याचं ऐकावं, उलट नाही. एलियस टीएसकॉन्फिगमध्ये जन्माला घातला की मग टेस्ट चालवणाऱ्या जेस्टला वेगळा सांगा, कोड तपासणाऱ्या ईएसलिंटला वेगळा, नोडला वेगळा, आणि यातला एक जरी निराळा झाला तरी तुमची टेस्ट एक फाइल तपासते आणि सर्व्हर दुसरीच चालवतो. आमच्याकडे अगदी हेच झालं: टेस्टमध्ये नवा आकडा पास, पट्टीवर जुना.

नोडमध्ये यासाठी स्वतःची सोय आहे आणि ती २०२० पासून आहे, १२.१९ आणि १४.६ पासून: पॅकेज.जेसनमधलं ‘इम्पोर्ट्स’. नाव # ने सुरू करायचं. आम्ही लिहिलंय "#*" म्हणजे "./डिस्ट/*.जेएस". कोडात मग ‘#दर/हमाली’. टीएसकॉन्फिगमध्ये मॉड्यूल-रिझोल्यूशन नोड१६ किंवा नोडनेक्स्ट ठेवा (टाइपस्क्रिप्ट ४.७ पासून आहे), रूटडिर (सोर्स कुठे आहे) आणि आउटडिर (आउटपुट कुठे जाणार) दोन्ही स्पष्ट लिहा. मग टाइपस्क्रिप्ट स्वतःच पॅकेज.जेसन वाचतो, डिस्टमधला पाथ बघून त्याची एसआरसीतली .टीएस शोधतो आणि टाइप तपासतो. रूटडिर लिहिलं नाही तर प्रोजेक्टचं मूळ संदिग्ध आहे अशी एरर देतो, तेव्हा ते विसरू नका. पाथ्स पूर्ण काढून टाका. बेसयूआरएलसुद्धा काढा, ४.१ पासून पाथ्सलाही त्याची गरज उरलेली नाही.

याचा मला आवडणारा भाग म्हणजे याचा कडकपणा. # चं नाव यादीत नसेल तर नोड ते ‘इम्पोर्ट नॉट डिफाइन्ड’ म्हणून तिथेच थांबवतो, पॅकेजं ठेवलेल्या नोड_मॉड्यूल्स फोल्डरात जाऊन त्याच नावाचं दुसरं काही उचलत नाही. चालताना जोडलेल्या पॅकेजांचं तसं नसतं. तुम्ही एलियसला ‘कॉन्फिग’ असं साधं नाव दिलंत आणि मॅपिंग हललं, तर एनपीएमवर ‘कॉन्फिग’ नावाचं खरंखुरं पॅकेज आहे, ते दुसऱ्या कुणाच्या अवलंबनातून आलेलं असलं तर तेच लोड होईल. @ लावलंत तरी तो एनपीएमच्या स्कोपचा (एका मालकाच्या पॅकेजांच्या गटाचा) चेहरा आहे. ‘@टाइप्स’ हे नाव तर चुकूनही देऊ नका, टाइपस्क्रिप्ट ते स्वतःच्या टाइप पॅकेजांचं समजून एरर देतो.

विकासाच्या वेळी बिल्ड न करता सरळ .टीएस चालवायच्या असतील तर त्याच नोंदीत दोन अटी देता येतात: ‘डेव्हलपमेंट’ला एसआरसी, ‘डिफॉल्ट’ला डिस्ट. डिफॉल्ट नेहमी खाली लिहायचं, कारण नोड वरून खाली बघत पहिली लागू पडणारी ओळ घेतो. मग घरच्या मशीनवर नोडला कंडिशन्स हा झेंडा (फ्लॅग) देऊन चालवा. सर्व्हरवर झेंडा नाही, म्हणजे डिस्टच. नोड २३.६ पासून, २०२५ च्या जानेवारीपासून, नोड .टीएस फाइल टाइप पुसून थेट चालवतो, आणि तिथेही टीएसकॉन्फिगचे पाथ्स मुद्दाम पाळले जात नाहीत, त्याऐवजी हेच # वापरा असं नोडच्याच माहितीत आहे. ‘टाइपस्क्रिप्टचा बग’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

फ्रंटएंड असेल तर गोष्ट सोपी आहे. तिथे बंडलर सगळे पाथ सोडवून एकच गठ्ठा बांधतो, म्हणून एलियस त्याला कळला की झालं. वेबपॅक आणि वीटमध्ये ‘रिझॉल्व्ह’खाली ‘एलियस’ लिहा, ईएसबिल्ड बंडल करताना टीएसकॉन्फिगचे पाथ्स स्वतः वाचतो, नेक्स्टही वाचतो. यात पॅकेज शोधत बसण्यासारखं काही नाही.

कुठलं पॅकेज, हे विचारलंत म्हणून: जुना मोठा प्रोजेक्ट असेल, शेकडो फाइलींत @ पसरलेलं असेल आणि आज रात्री सर्व्हर चालू हवा असेल, तर टीएससी-एलियस. बिल्डच्या आज्ञेत टीएससीला && ने जोडा, म्हणजे कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही. ते .डी.टीएस (नुसत्या टाइपची माहिती असलेल्या) फाइलींमधलेही पाथ बदलतं, आणि लायब्ररी प्रसिद्ध करणाऱ्यांनी हे ऐकाच: तुमच्या .डी.टीएस मध्ये @ राहिलं तर वापरणाऱ्याकडे ते सुटत नाही, आणि त्याने स्किपलिबचेक (.डी.टीएस फाइली तपासू नको असं सांगणारं सेटिंग) चालू ठेवलेलं असलं तर एररही येत नाही, टाइप गुपचूप ‘एनी’, म्हणजे काहीही चालेल असा, होतो. टीएसकॉन्फिग-पाथ्स आणि मॉड्यूल-एलियस ही चालताना जोडायची पॅकेजेस मी माझ्या कुठल्याही सर्व्हरवर ठेवणार नाही. ज्याला ठेवायची त्याने ठेवावीत, पण आधी सर्व्हरवर रिक्वायर.रिझॉल्व्ह छापून बघावं.

आता ते ‘नवशिके’ प्रकरण. ../ लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. तो पाथ टाइपस्क्रिप्टला कळतो, नोडला कळतो, जेस्टला कळतो, कुठलंही कॉन्फिग लागत नाही, आणि फाइल हलवली की एडिटर स्वतः बदलून देतो. ज्या प्रोजेक्टात ../../../../ लिहावं लागतं तिथे बहुतेक वेळा फोल्डरच नको तितके खोल गेलेले असतात. एकाच फोल्डरातल्या शेजारच्या फाइलीला एलियसने बोलावणारे लोक मी पाहिलेत, तो मला शुद्ध दिखावा वाटतो. आमच्याकडे नियम आहे: एकाच विभागात ./ किंवा फार तर एक ../, विभाग ओलांडला तर #. त्या पट्ट्यांच्या प्रोग्रामात हे बदलायला घेतलं तेव्हा अर्ध्याहून जास्त एलियसांची गरजच नव्हती.

त्या लीडची आणि माझी नंतर एका कार्यक्रमात गाठ पडली. तेव्हाही त्यांचं म्हणणं तेच, की तो माणूस सोडून गेला नसता तर काही झालं नसतं. माणूस सोडून जातोच. कधी तो जातो, कधी गिऱ्हाईक जातं. बिल्ड असा असावा की यार्डातल्या दुकानात बसलेल्या कुणीही कागदावरच्या दोन ओळी टाइप केल्या तर बरोबर प्रोग्राम चालू व्हावा. याला आर्किटेक्चर म्हणायचं नसेल तर मला दुसरं कशाला म्हणायचं ते माहीत नाही.

काही गोष्टी राहिल्या. # वाल्या पद्धतीत नोड एक्स्टेन्शन किंवा फोल्डरमधली इंडेक्स फाइल स्वतः शोधत नाही. नोंदीत लिहिलंय तेवढंच. म्हणजे ‘#दर’ लिहून दर/इंडेक्स मिळणार नाही, पूर्ण लिहावं लागतं. जेस्ट वापरत असाल तर २९.४ किंवा त्यापुढचं घ्या, आधीच्याला हे कळत नाही. टेस्ट कुठली फाइल उचलतेय, डिस्ट की एसआरसी, हे तिथेही एकदा छापून बघा. टीएससी-एलियस फक्त नुसत्या वाचून कळणाऱ्या पाथला हात लावू शकतं, स्ट्रिंग जोडून तयार केलेला डायनॅमिक इम्पोर्ट तसाच राहतो. टीएससी आउटडिरमधल्या जुन्या फाइली पुसत नाही, म्हणून बिल्डच्या आधी डिस्ट फोल्डर उडवून द्यायची सवय लावा. ईएस मॉड्यूल असतील तर रिक्वायर.रिझॉल्व्हच्या जागी इम्पोर्ट.मेटा.रिझॉल्व्ह. आणि तुमचा प्रोजेक्ट फक्त बंडलरमधून जाणारा असेल, नोड त्याला कधी शिवतच नसेल, तर मी वर पाथ्सबद्दल जे कडक बोलले ते तुम्हाला लागू नाही.

मोनोरेपोबद्दल मोठं लिहीत नाही. एका पॅकेजातून दुसऱ्याच्या एसआरसीत पाथ्सने हात घालू नका. वर्कस्पेस करा, प्रत्येक पॅकेजला नाव द्या, त्या नावानेच इम्पोर्ट करा, आणि बिल्डचा क्रम प्रोजेक्ट रेफरन्सेसवर (कुठलं पॅकेज कुणावर अवलंबून ते सांगणाऱ्या टीएसकॉन्फिगच्या सोयीवर) सोडा. # ची नावं ज्याच्या त्या पॅकेजापुरतीच असतात, शेजारच्या पॅकेजातून ती दिसत नाहीत, आणि तसंच असायला हवं.